खंडूच्या तोंडी घातलेला शब्द

गोरखला त्या रात्री पेठहून यारीच्या ब्रेकचा पट्टा आणायचा होता. काम एवढंच. शुक्रवार, तेवीस मे, सन दोन हजार तीन. वैशाख वद्य अष्टमी, म्हणजे चंद्र मध्यरात्र उलटल्यावर.

"सर, भुताच्या गोष्टीला तारीख?" श्रेया म्हणाली.

"तारीख नसलेली गोष्ट मी छापत नाही आणि सांगतही नाही."

मंचरच्या आमच्या कचेरीत दिवे गेले होते. श्रेया आणि ऋषी, दोघेही नवे वार्ताहर, पायरीवर बसले होते. मी खुर्ची दारात ओढून घेतली होती. संध्याकाळी ऋषीने एका कामगाराच्या अपघाताची बातमी लिहून आणली होती. तिच्यात लिहिलं होतं, ‘मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे’. हे कुठून आणलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, पंचनाम्यातून. मी कागद त्याला परत दिला. रागावलो नाही. ही गोष्ट सांगायला घेतली. ज्याच्या बाबतीत ती घडली तो माणूस माझ्या ओळखीचा होता, आणि तिच्यात थोडा वाटा माझाही आहे.

यारी तुम्ही पाहिली आहे. विहिरीच्या काठावर उभी करतात. डिझेलचं इंजिन, तारेचा दोर, दोराला लोखंडी डबा. खालचा माणूस सुरुंगाने फुटलेले दगड डब्यात भरतो, वरचा ब्रेक सोडून-धरून डबा वर-खाली करतो. गोरख वरचा, खंडू खालचा. दोघेही निमगाव सावाचे. गोरख पाटलांच्या आळीतला, भावकीत वाटे होऊन दीड एकर वाट्याला आलेला. खंडू बौद्धवाडीतला. बारा वर्षं दोघांनी मिळून जुन्नर-आंबेगावात किती विहिरी खणल्या ते त्यांनाही आठवत नव्हतं.

साठ फूट खोल खड्ड्यात वरच्याला खालचा दिसत नाही. इंजिनाची धडधड चालू असते. म्हणून त्यांनी एक रीत ठेवली होती. वरच्याने खालच्याचं नाव घ्यायचं, एकदाच. खालच्याने कडेच्या कपारीत जाऊन उभं राहायचं आणि ओरडायचं, ‘सरलो’. तो शब्द कानावर येईपर्यंत ब्रेकवरचा हात हलवायचा नाही. नाही आला तर थांबायचं. तंबाखू मळायची, पण थांबायचं.

एकदा खंडू तळाला चक्कर येऊन पडला. गोरखने वरून नाव घेतलं. उत्तर नाही. भरलेला डबा त्याने पाऊण तास तसाच अधांतरी धरून ठेवला. बायामाणसांना हाका मारून लोक गोळा केले आणि दुसऱ्या दोराने एकाला खाली सोडलं. डबा खंडूच्या बरोबर छातीवर लटकत होता.

तेव्हापासून खंडूने वर बघणं सोडलं. खाली काम करणारा प्रत्येक जण मान वर करकरून बघतो. खंडू बघायचा नाही. म्हणायचा, "मी सरलो म्हणत न्हाई तवर आभाळ जरी सुटलं तरी गोरख धरून ठेवंल."

"एवढा विश्वास?" ऋषी म्हणाला.

एवढा.

मग गावोगाव बोअरची यंत्रं आली. एका दिवसात तीनशे फूट. यारीला कोण विचारतो? शहाण्णव साली दोघे कोकणातल्या एका बंदरावर गेले. बंदराचं नाव सांगत नाही, तिथे अजून माणसं कामाला आहेत. मोठ्या मच्छीमार बोटींवर जाळं ओढायला विंच असतो. विंच म्हणजे यारीचाच भाऊ. ब्रेक, ड्रम, तारेचा दोर. गोरखचा हात बघून तांडेलाने, म्हणजे बोटीच्या मुख्याने, त्याला तिथल्या तिथे ठेवून घेतला. गोरख म्हणाला, माझा जोडीदार बी घ्या, त्याच्याबिगर मला जमत न्हाई.

त्या वर्षांत मी बोटींवरच्या अपघातांवर लिहीत होतो. समुद्रावर माणसं बुडून मरतात असं आपल्याला वाटतं. मी सरकारी दवाखान्यातल्या खाटांवर पाहिलं ते वेगळंच होतं. एकाच्या डोक्यात वरून कप्पी पडलेली, तेरा टाके. एकाच्या खांद्यात लोखंडी आकडा. एकाच्या पायावर बर्फाचा खोका. मासळीने भरलेलं जाळं बोटीच्या मागच्या लोखंडी कमानीवरून तुटून खाली उभ्या माणसाच्या मानेवर आलेलं. पाण्याने कुणालाच काही केलं नव्हतं. जे काही आलं ते डोक्यावरून आलं. आणि डोक्यावर टोपी होती, हेल्मेट नव्हतं. बोटीवाल्यांना विचारलं तर म्हणायचे, साहेब, तो वर बघत नव्हता. प्रत्येक खाटेवरचा माणूस वर बघत नव्हता! आणि वर काय गंजलंय, कोणती साखळी झिजलीय, हे बघणारा कुणीच नेमलेला नव्हता. मी भांडलो. दोन रकाने छापून आले, एका मालकाची नोटीस आली. ते असो.

बोटीवरही त्या दोघांनी आपली रीत चालू ठेवली. बाकीचे खलाशी हसायचे. "ए विहीर, सरलास का?" असं खंडूला चिडवायचे. त्याचं नावच विहीर पडलं. तांडेलाचं डोकं मात्र फिरायचं. "एवढ्या वेळात दुसरी बोट मासळी घेऊन बंदराला लागंल," म्हणायचा.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतरचा आठवडा. पहाटेचे चार. जाळं पाण्यात पसरून राहावं म्हणून त्याच्या तोंडाच्या दोन बाजूंना लोखंडी पट्ट्यांच्या फळ्या असतात, एकेक फळी सव्वाशे किलोची. पाण्यात सोडण्याआधी त्या मागच्या कमानीला टांगलेल्या असतात. एका फळीची साखळी पिळली गेली होती. खंडू खाली बसून पीळ सोडवत होता. विंचपाशी गोरख. मध्ये जाळ्याचा ढीग, कमानीवर एकच दिवा, आणि तांडेल केबिनीतून शिव्या देतोय.

गोरखने नाव घेतलं.

पुढचं त्याने पोलिसांना असं लिहून दिलं: ‘मी आवाज दिला. खंडूने सरलो म्हणून होकार दिला. त्यानंतर मी ब्रेक सोडला. खंडू आपण होऊन पुन्हा फळीखाली गेला.’

बोट किनाऱ्याला लागेपर्यंत खंडू गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी बंदरावर पोचलो. बाकी कुणी सांगितलं असतं तर मी चार जणांना विचारलं असतं. पण सांगणारा गोरख होता. आपल्याकडचा, बारा वर्षांचा जोडीदार, डोळ्यांतून पाणी गळतंय. म्हणाला, "आईची आण भाऊ, त्यानं सरलो म्हटलं व्हतं." मी तसंच छापलं. माझ्या नावानिशी.

तिसऱ्या आठवड्यात खंडूची बायको जानकाबाई इथेच, या पायरीवर आली. ऋषी, तू बसलास तिथे. बातमीचं कात्रण चार घड्या करून पदराला बांधलेलं. ते सोडून तिने माझ्यापुढे धरलं.

"दादा, हे तुमी लिवलं?"

"हो."

"माझा मालक सरलो म्हनून न सरनारा मानूस न्हवता."

मी म्हणालो, बाई, गोरखनेच सांगितलंय.

"म्हनून तर इच्यारते. बोटीच्या मालकाची मानसं आल्ती घरी, कागद घिऊन. मी अंगठा दिला न्हाई. मला पैक्याचं नका सांगू. त्यानं न काढल्याला शबूद त्याच्या तोंडात घातलाय, तेवडा काढून घ्या."

मी काढला नाही. पोलिसांच्या कागदावर तेच, साक्षीदार तोच, मी काय करणार, असं म्हणालो. ती कात्रण उचलून गेली. पुढे तिने पुण्याच्या कामगार भरपाईच्या कचेरीत अर्ज लावला. कुणा भल्या वकिलाने फुकट चालवला. साडेचार वर्षं तारखा पडत गेल्या. शेवटी गोरखच्या साक्षीची तारीख लागली ती सोमवार, सव्वीस मे, दोन हजार तीन.

"म्हणजे त्या शुक्रवारनंतरचा सोमवार," श्रेया म्हणाली.

बरोबर. दोन हजार तीनचा तो उन्हाळा आठवतो ना? बोअर कोरडे पडले. लोक पुन्हा जुन्या विहिरींचा गाळ काढायला लागले. गोरख समुद्र सोडून परत आला होता आणि यारी घेऊन अवसरी बुद्रुकला एका विहिरीवर होता. हाताखाली भिका म्हणून एक जण. जानकाबाई आता अवसरीलाच, भावाकडे राहत होती. गोरखला ते ठाऊक होतं. तिच्या वस्तीवरून जाणारा रस्ता तो टाळायचा. पण गुरुवारी तीच विहिरीवर आली. सगळ्यांदेखत विचारलं.

"गोरखभाऊ, सोमवारी मी बी यनार हाय. आत्ता सांगा. त्यानं सरलो म्हटलं व्हतं?"

गोरख ब्रेकच्या दांड्याकडे बघत म्हणाला, "म्हटलं व्हतं, वैनी."

"त्याच्या मुलीचं लगीन मोडलं म्हनून न्हाई इच्यारत. लोक म्हन्त्यात दारू पिऊन खाली बसला. मला खरं कळू द्या."

"म्हटलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी ब्रेकचा पट्टा फाटला.

पेठच्या वर्कशॉपमध्ये नवा पट्टा बनवून घेईपर्यंत साडेदहा झाले. गोरखकडे जुनी लुना होती. पट्टा पोत्यात गुंडाळून त्याने मागे बांधला. घाट उतरला. ट्रकांची गर्दी होती, ढाब्यावर हिंदी गाणी वाजत होती. त्याने चहा घेतला. घड्याळ बघितलं, अकरा वाजून दहा मिनिटं. अवसरीच्या फाट्याला वळला.

पुढचं सगळं त्याने मला शनिवारी सकाळी सांगितलं. त्याच्या शब्दांत मी काही घातलेलं नाही.

फाट्यापासून दोनेक किलोमीटरवर लुना बंद पडली. पेट्रोल होतं. प्लग काढून पुसला. नाही. दोन्हीकडे नांगरलेली ढेकळं. झाड नाही. विजेचा खांब नाही. तो गाडी ढकलत निघाला.

आधी वास आला. डिझेल, ओला दोर आणि मासळी. त्याला वाटलं पोत्याला येतोय. पोतं सिमेंटचं होतं.

मग आवाज. तारेच्या दोराला वजन लागलं की तो कुरकुरतो. हळू, लांबट. गोरखने तो आवाज आयुष्यभर ऐकलेला. तो आवाज डोक्यावरून येत होता.

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालला. आवाज त्याच्यासोबत चालला.

मग वरून कुणीतरी नाव घेतलं.

"गोरख?"

एकदाच.

हाक ओळखीची. पण एक गोष्ट चुकीची होती. बारा वर्षं आणि वर दोन, खंडूने कधी नाव घेतलं नव्हतं. नाव घेणारा गोरख. उत्तर देणारा खंडू. आता नाव वरून आलं होतं...

म्हणजे खाली कोण होतं?



गोरखने वर पाहिलं नाही. मला म्हणाला, "भाऊ, बघितलं असतं तर खलास." हाक पुन्हा आली नाही. वरचा थांबला होता. उत्तराची वाट बघत. कुरकुर चालू. मधूनच एखादी साखळी हलल्यासारखा आवाज.

गोरखच्या लक्षात आलं. आपण सरलो म्हटलं की ते सुटणार. म्हणत नाही तोवर नाही. वरचा रीत पाळतोय. ज्याने पाळली नाही त्याच्या डोक्यावर उभा राहून पाळतोय.

त्याने तोंड दाबून धरलं. लुना तिथेच टाकली.

चालू लागला. पळायची हिंमत नाही. पळताना तोंडातून काही निघालं तर...

वस्तीतली कुत्री भुंकत आली. जवळ आल्यावर गप्प झाली. त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या डोक्याच्या वर बघत होती. मान मागे, आणखी मागे. मग शेपट्या पायांत घालून मागे सरली.

शाळेजवळ ओसरीत एक म्हातारा जागा होता. खोकत म्हणाला, "कोन रं? एवढ्या रात्री?" गोरखने उत्तर दिलं नाही. म्हातारा म्हणाला, "मुका हायस का?"

नाही दिलं.

एक वाजला असेल. चंद्र वर आला. रस्ता पांढरा झाला. गोरख आपल्या पावलांकडे बघत चालत होता. विहिरीकडे जायचं म्हणत होता. पाय वस्तीकडे वळले. साडेचार वर्षं टाळलेल्या रस्त्याने.

जानकाबाईचं दार. त्याने कडी वाजवली.

"कोन हाय?"

त्याने तोंड उघडलं. बंद केलं.

आतून कंदील आला. दार उघडलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या ओठांतून रक्त येत होतं, दातांनी धरून धरून. वर कुरकुर. अगदी जवळ. माथ्यावरच्या केसांना वारा लागेल इतकी जवळ.

"गोरखभाऊ?"

"वैनी..."

"बोला की."

"त्यानं... म्हटलं न्हवतं."

तिने कंदील उंच धरला.

"म्या नाव घेतलं. तो गप व्हता. त्याच्या हातात पीळ व्हता, तो गप व्हता. तांडेल वरडत व्हता. म्या थांबलो न्हाई. सोडला बिरेक. तो खाली निवांत बसला व्हता, वैनी. वर बघितलं बी न्हाई त्यानं. समद्या बोटीवर तेवडाच एक वर बघत न्हवता. माझ्यामुळं."

वर दोर हलला. गोरखने डोळे मिटले.

आणि दोर वर ओढला जाऊ लागला. ड्रमवर तार गुंडाळते तसा आवाज. हळूहळू लांब. आणखी लांब. मग नुसती रातकिड्यांची किरकिर.

जानकाबाईने पाणी आणून दिलं. त्याला अंगणात बसू दिलं. ती म्हणाली, "ह्ये तुमी सोमवारी बोला. तेवडंच." पहाटे तिच्या भावाने मला फोन केला. आठला मी अवसरीत होतो.

गोरखने सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. सही करतोस का, विचारलं. म्हणाला, "सई कशाला? म्या सोमवारी सोत्ता बोलनार हाय. आता भ्या कशाचं?" मी सही घेतली नाही. पंचवीस वर्षं या धंद्यात काढली होती, तरी घेतली नाही. लिहून ठेवा दोघेही: दुसऱ्यांदा.

रविवारी निमगावात त्याच्या घरी जीप आली. बोटीच्या मालकाची दोन माणसं. धमकी दिली नाही, चहा प्याले. एकच गोष्ट समजावून गेले. फळी गंजलेली होती का, साखळी झिजलेली होती का, हे कुणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की ब्रेक कुणी सोडला. उत्तर न येता सोडला असं तू म्हणालास तर आत कोण जाईल? आम्ही नाही. तू.

सोमवारी पुण्याच्या त्या कचेरीत पंखा खडखडत होता. जानकाबाई पहिल्या बाकावर, नवं लुगडं नेसून. त्या दिवशी तिने केसांना तेल लावलं होतं. गोरख उभा राहिला. जानकाबाईच्या वकिलाने विचारलं, तुम्ही आवाज दिल्यावर मयताने उत्तर दिलं का?

गोरख म्हणाला, "व्हय. सरलो म्हटला."

जानकाबाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. गोरखकडे नाही. माझ्याकडे. मी खिशातली वही काढली. वकिलाने हळूच विचारलं, सही आहे? मी वही पुन्हा खिशात घातली.

जिन्यावर मी गोरखला गाठला. त्याचा शर्ट धरला. लोक बघत होते.

"परवा काय सांगितलंस मला?"

"रातीचं राती गेलं, भाऊ."

"आणि ते डोक्यावरचं?"

त्याने खिडकीकडे हात केला. बाहेर कडक ऊन होतं, रिक्षांची गर्दी. "उजेडात काय बी ऐकू येत न्हाई. दमलो व्हतो. चा लई पिलो व्हतो. सोडा."

"आणि खंडू?"

"खंडू मेला, भाऊ. म्या जिता हाय. माझी बी पोरंबाळं हायती."

मी सोडला त्याला. एस.टी.त जानकाबाई खिडकीशी बसली. राजगुरुनगर मागे पडलं. मग म्हणाली, "दादा, त्यानं सोत्ता यिऊन सांगितलं नसतं तर मी एवढी खचले नसते. आधी नुसता संशेव व्हता."

आता शेवटचं. हे गोरखच्या बायकोने, सारजाबाईने मला सांगितलं. तिने एकदाच सांगितलं आणि मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारची रात्र. निमगाव. उकाडा म्हणून गोरखने अंगणात बाज टाकली होती. अंगणात झाड नाही. मांडव नाही. वर नुसतं आभाळ. सारजाबाई दारात आडवी झाली होती. बाराच्या सुमारास तिला जाग आली ती कुत्री एकदम गप्प झाली म्हणून.

गोरख बाजेवरून उठून अंगणाच्या मध्यावर उभा होता.

तिने विचारलं, "काय वं?"

त्याने हाताने गप्प राहा म्हणून खूण केली. कान देऊन काही ऐकत होता. मान खाली.

तिला काही ऐकू आलं नाही. कुणी हाक मारलेली तिने ऐकली नाही. ती शपथेवर सांगते.

बराच वेळ तो तसाच. ओठ दाबलेले. तिला वाटलं झोपेत चालतोय. ती उठायला गेली.

मग गोरख हसला. दिवसभर कचेरीत, मालकाच्या जीपमध्ये, ढाब्यावर त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं की घाबरायचं काही नाही. तसं हसला. आणि मोठ्याने, साक्ष देताना उभा होता तसा ताठ उभा राहून म्हणाला,

"सरलो."

पण तो सरला नव्हता. जागेवरच होता.

सारजाबाई म्हणते, वारा आला. वरून खाली. आणि अंगण हादरलं. घरातली भांडी वाजली.

...

ती पोचली तेव्हा तो पडला होता. खांद्याची दोन्ही हाडं आणि मान मोडलेली. आजूबाजूला काही नाही. दगड नाही, लोखंड नाही, लाकूड नाही. शेजारपाजाऱ्यांनी बॅटऱ्या लावून शोधलं. दवाखान्याच्या कागदावर आलं, ‘छपरावरून पडला असावा’. छपराला शिडी नव्हती, आणि ते अंगणाच्या मध्यापासून पंधरा फुटांवर होतं. पण कुणीतरी तसं लिहिलं आणि कुणीतरी त्याखाली सही केली.

"तुम्ही काय छापलंत?" श्रेयाने हळूच विचारलं.

छापायच्या आधी जागा बघायला म्हणून मी बुधवारी सकाळी गेलो. लोक कमी झाले होते. गोरख पडला ती जागा ओली होती. मे महिन्यात, जिथे प्यायला टँकरची वाट बघत होते तिथे, बाजेएवढी जागा ओली. सारजाबाई म्हणाली, आम्ही पाणी टाकलं नाही, आमच्याकडे टाकायला आहे कुठं?

मी वाकून बघत होतो. तेवढ्यात गोठ्यातला बैल दावं तोडून आला. शेजारच्या दोन गाई आल्या. पलीकडच्या आळीतली एक म्हैस आली. कुणी त्यांना हाकलेना. त्या ओल्या मातीवर माना घालून ती जनावरं माती चाटत होती. चाटतच राहिली. ओल सुकत आली तसतशी कडेला पांढरी खपली धरत होती, आणि ती हावऱ्यासारखी मीठ चाटत होती.